अडीनडीचा पैसा



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की राजांचा, लढायांचा किंवा संतांचा इतिहास ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. मी मात्र आज एका अगदी साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. गरिबाच्या घरात सरकारकडून येणारा रोख पैसा, ही ती वस्तू होय. मी पदवीधर नाही. हमाल, जिनिंगमधले कामगार आणि शेतमजूर यांच्या संघटनेचे काम करता करता जे पाहिले, आणि रात्री वाचनालयातील पुस्तके चाळता चाळता जे समजले, त्यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय निवडण्याचे कारण आपल्या मानवतच्या बाजारातच आहे. २०२४ सालापासून इथल्या कोणत्याही बैठकीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, बायांना घरबसल्या पैसे मिळू लागले, आता वेचणीला मजूर मिळत नाही. दुसरे असे की, दीड हजारात आजकाल होते काय? ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच तोंडून, एकाच चहाच्या कपाबरोबर निघतात. दीड हजारात काहीच होत नसेल तर त्यापायी मजूर नाहीसा कसा होईल? आणि मजूर खरोखरच अडून बसत असेल, तर त्या दीड हजारात काहीतरी होत असलेच पाहिजे. ते ‘काहीतरी’ काय आहे, याचा शोध घेण्यासाठी मी आपल्याला दीडशे वर्षे मागे नेणार आहे. पण त्याआधी आपल्याच भागातील एका गरीब घराचे वर्ष डोळ्यांसमोर आणू.

पोट बारमाही, पैसा हंगामी

आपला मुलूख कापसाचा आणि ज्वारीचा. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली, मानवत रोड स्टेशन झाले, आणि आपल्या पेठेचा कापूस दूरदेशी जाऊ लागला. तेव्हापासून इथल्या घरात रोकड येण्याचा एक ठराविक हंगाम आहे. दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटतात, वेचणी सुरू होते, दिवाळीच्या आगेमागे हातात पैसा खुळखुळतो. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी असते. नंतर उन्हाळा. मृगात पेरणी होते आणि जवळची होती नव्हती तेवढी पुंजी मातीत जाते. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने शेतमजुराच्या घराला सर्वांत कठीण. कणगी रिकामी झालेली असते, निंदणी-खुरपणीचे काम पावसाच्या लहरीवर अवलंबून असते, ताप-खोकला याच दिवसांत येतो आणि शाळाही याच दिवसांत सुरू होते.

या तीन महिन्यांच्या अडचणीवर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या तीन तोडगे चालत आले. पहिला सवाई-दिढीचा. आषाढात पोतेभर ज्वारी उचलायची आणि सुगीत सव्वा किंवा दीड पोते परत घालायची. दुसरा सालगड्याचा. पाडव्याला वर्षाचा सौदा करून उचल घ्यायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच दावणीला राहायचे. तिसरा, अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांत वाढलेला, ऊसतोडीचा. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की नवराबायकोने मिळून एक कोयता म्हणून कारखान्याच्या फडावर जायचे.

तिन्ही तोडग्यांत एक गोष्ट समान आहे. माणसाच्या श्रमाचा भाव ज्या दिवशी ठरतो, तो दिवस त्याच्या सर्वांत जास्त अडचणीचा असतो. येथे शेतकरी बंधू बसले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्याला दिवाळीतच कापूस विकावा लागतो त्याला मिळतो तो भाव, आणि ज्याला संक्रांतीपर्यंत थांबता येते त्याला मिळतो तो भाव, यांत किती फरक पडू शकतो हे त्यांनी भोगलेले आहे. मजुराची स्थिती याहून वाईट आहे. कापूस घरात साठवता येतो. आजचा दिवस साठवून उद्या विकता येत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे आपण म्हणतो. त्या म्हणीत हरी अडाणी आहे किंवा आळशी आहे असे म्हटलेले नाही. तो अडलेला आहे, एवढेच म्हटले आहे.

संघटनेच्या कामात संपाचा विचार निघाला की पहिला प्रश्न मागण्यांचा नसतो. घरात किती दिवसांचे पीठ आहे, हा असतो. म्हणून कामगार संपफंड गोळा करतात. गरीब घरात ठरल्या तारखेला येणारा थोडासा रोख पैसा हा त्या घराचा संपफंड आहे, असे माझे मत आहे. हे मत इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरते ते आता पाहू.

एक पौंड धान्य

१८७६ साली दख्खनात पाऊस पडला नाही. मुंबई इलाख्यात सोलापूर, पुणे, अहमदनगर या भागांत सरकारने रस्त्यांची व तलावांची दुष्काळी कामे काढली आणि लोक मजुरीवर जाऊ लागले. खर्च वाढतो असे पाहून व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना तपासणीसाठी पाठविले. जानेवारी १८७७ मध्ये मजुरीचे नवे मान आले. प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य येईल एवढे पैसे आणि वर मीठमिरचीपुरते काही. एक पौंड म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर माती वाहायची आणि खडी फोडायची.

पुढे जे घडले ते कामगार चळवळीच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. उपाशी माणसांनी कामे सोडली. एक लाखाच्या वर मजूर सरकारी कामांवरून निघून गेले. त्यांना संघटना नव्हती, झेंडा नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, त्यांची बाजू लिहून सरकारपुढे मांडली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली ती १८८४ साली. म्हणजे त्याआधी सात वर्षे दुष्काळी कामावरच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या कुणब्यांनी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मजुरांनी मजुरीसाठी काम नाकारून दाखविले होते. त्याच वर्षी जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाची मंडळी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालवीत होती. ज्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आपण इथे चालवतो, तीही न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात सुरू केली ती १८७५ साली. व्याख्यान, दुष्काळ आणि संप अशी ही एकाच दशकातली भावंडे आहेत.

१८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल झाला व त्यावरून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्यांनी मदतीला दोन दरवाजे ठेवले. अंगात ताकद असलेल्याने कामाची कसोटी देऊन मजुरी घ्यावी, हा पहिला. म्हातारे, अपंग, निराधार यांना काम न करता धर्मादाय मदत द्यावी, हा दुसरा. पहिल्या दाराशी खडी फोडून गरिबी सिद्ध करायची आणि दुसऱ्या दाराशी दुबळेपणा सिद्ध करायचा. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या दुष्काळाची झळ हैदराबाद संस्थानालाही लागली होती. १९४८ साली आपण त्या राज्यातून सुटलो, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो. हाली रुपया गेला आणि भारतीय रुपया आला. पण मदतीचे ते दोन दरवाजे जसेच्या तसे राहिले.

मधल्या काळात कोकणात आणि घाटावर रोख पैशाची एक वेगळी वाट तयार झाली होती. ती मनीऑर्डरची. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि गिरणगावातला कामगार महिन्याच्या महिन्याला गावी पैसे धाडू लागला. रक्कम लहान असे, पण पोस्टमन येण्याचा दिवस ठरलेला असे. त्या दिवसाच्या भरवशावर वाणी उधार देई, मुलगा शाळेत राही, म्हातारीचे औषध येई. १९८२ च्या गिरणीसंपात अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला तेव्हा कोकणच्या आणि घाटावरच्या घरांना त्या ठरलेल्या दिवसाची किंमत कळली. मराठवाड्यातून मुंबईच्या गिरण्यांत जाणारे तुलनेने थोडे. आपल्या घरांना असा ठरलेला दिवस फार उशिरा मिळाला.

हजेरीपत्रकावरचे नाव

१९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांना आठवतो. मी तेव्हा रांगत होतो. मला त्यातली लाल मिलो आणि सुकडी ऐकूनच ठाऊक आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. या गर्दीत मजुरी वेळेवर मिळावी म्हणून मोर्चे निघाले, घेराव झाले. लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी शेतमजुरांना संघटित करून काम ही मागण्याची वस्तू आहे हे शिकविले.

या कल्पनेचे बीज थोडे आधी पडले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ग्रामीण कामांचा आग्रह धरला. १९७२ साली रोजगार हमी योजना जाहीर झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणे हा ग्रामीण माणसाचा कायदेशीर हक्क झाला. काम देता आले नाही तर बेकारभत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर आली. पुढे २००५ साली केंद्राने वर्षाला १०० दिवसांच्या रोजगाराचा कायदा केला, त्याची ही आई होय.

यातील दोन गोष्टी आपण नीट ध्यानात घ्याव्यात.

पहिली, पैसा कोठून आला? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून हा कर घ्यायचा, आणखी काही करांवर अधिभार बसवायचा आणि जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी मांडणी झाली. आजही आपल्यापैकी पुष्कळांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. पगारपत्रकावरची ही ओळ आपण कपाळाला आठ्या घालून वाचतो. तिच्या जन्माच्या वेळी शहरातल्या पगाराने खेड्यातल्या मजुरीची हमी घेतली होती, हे फार थोड्यांना माहीत असते.

दुसरी गोष्ट बायकांची. रोजगार हमीवर कामाचा दर बाई-पुरुषाला एकच होता. हजेरीपत्रकावर बाईचे नाव स्वतंत्र लागे. शेतावरच्या मजुरीत बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी, ही रीत त्याआधी कोणाला खटकतही नव्हती. गावाजवळ रोजगार हमीचे काम सुरू झाले की शेतावरचा रोज वाढवावा लागतो, अशी तक्रार तेव्हाही होती. ती खरीच होती. मजुराला दुसरीकडे जायला जागा झाली होती.

म्हैस, दाखला आणि वही

दुसरा दरवाजा महाराष्ट्राने १९८० साली नव्याने उघडला. संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने खिळलेले, यांना दरमहा रोख रक्कम. रक्कम वेळोवेळी वाढत गेली. २०१९ साली ती १,००० झाली आणि २०२३ साली १,५००. परंतु निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठरली, आणि रक्कम वाढली तरी मर्यादा वर्षानुवर्षे तिथेच राहिली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्या उत्पन्नात अख्खे घर चालते असा दाखला मिळवायचा, तर एकतर दाखला खोटा पाहिजे किंवा घर खोटे पाहिजे. मग दलाल येतो. तहसील कचेरीच्या आवारात असे दलाल मी पाहिले आहेत. पहिल्या तीन महिन्यांची रक्कम त्यांची, असा हिशेब असे. दुबळेपणा सिद्ध करायला लावणाऱ्या दरवाजाचे हे जुने दुखणे आहे.

याच काळात देशभर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम चालू होता. गरिबाला रोकड दिली तर तो उडवील, म्हणून वस्तू द्यावी, असा त्यामागचा विचार. कर्ज आणि अनुदान जोडून म्हैस, शेळ्या, शिलाईयंत्र दिले जाई. पण वैरण कोण देणार, दूध कोण घेणार, म्हैस आजारी पडली तर काय, याचा विचार कागदावर नव्हता. नीलकंठ रथ यांनी १९८५ साली हिशेब मांडून दाखविले की या वाटेने दारिद्र्यरेषेच्या वर जाणारी कुटुंबे फार थोडी आहेत. गरिबाला कशाची गरज आहे हे दुसऱ्याने ठरविले की असे होते. ज्या घराला औषधाची गरज त्या घरात म्हैस जाते, आणि हप्ता मात्र मागे राहतो.

रोख पैशाने घरात नेमके काय घडते, हे आता किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीवरून पाहू. रेशनचे धान्य आता मोफत मिळते. पण तेल, डाळ, चहा, साखर, मिरची, साबण, वह्या, गोळ्या यांना रोख लागते. उधारीचे गिऱ्हाईक भाव विचारत नाही, वजन पाहत नाही आणि दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. हातात रोकड आली की तीच बाई चार दुकाने हिंडून भाव करते. त्याच रकमेत तिला माल जास्त मिळतो. दुसरा हिशेब व्याजाचा. समजा एका घराने आषाढात महिना शेकडा पाच दराने पाच हजार काढले. महिन्याचे व्याज २५०. सुगीपर्यंत सहा महिने धरले तर १,५०० रुपये नुसत्या व्याजाचे. एका महिन्याच्या मदतीएवढे पैसे केवळ अडल्याबद्दल गेले! दीड हजारात होते काय, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तेवढ्यात घर श्रीमंत होत नाही. परंतु महिन्याला ठरल्या दिवशी ते येत असतील, तर ते पाच हजारांचे कर्ज निम्मेच काढावे लागते, किंवा काढावेच लागत नाही.

आता आळसाचा आणि दारूचा आरोप. याची परीक्षा आपल्या शेजारी मध्य प्रदेशात झालेली आहे. अहमदाबादेस १९७२ साली स्थापन झालेली ‘सेवा’ ही असंघटित स्त्रियांची कामगार संघटना. तिने युनिसेफच्या साहाय्याने २०११-१२ मध्ये इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत आणि वेगळ्या एका आदिवासी गावात प्रयोग केला. कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये. वर्षानंतर ३०० आणि १५०. सुमारे सहा हजार माणसांना ही रक्कम मिळाली. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. मुलांचे, विशेषतः मुलींचे, वजन सुधारले. कर्ज कमी झाले. शेळ्या-कोंबड्या वाढल्या. माणसांनी काम सोडले नाही; मात्र दुसऱ्याच्या रोजावर जाणे कमी करून ती स्वतःच्या वावरात जास्त राबू लागली. ज्या गावांत संघटना आधीपासून होती तिथे परिणाम अधिक चांगले दिसले. मला या शेवटच्या वाक्याचे सर्वांत जास्त मोल वाटते. पैसा खात्यात येतो, पण तो आपला आहे ही समज चार माणसे एकत्र बसल्याशिवाय येत नाही. परदेशांतही मेक्सिकोने १९९७ साली आणि ब्राझीलने २००३ साली मोठ्या प्रमाणावर ही वाट धरली आणि दोन्हीकडे पैसा बहुतांशी आईच्या हाती दिला.

ओवाळणी आणि हक्क

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तिसरा दरवाजा उघडला आहे. २०१९ साली केंद्राने शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये देण्यास सुरुवात केली. २०२३ साली राज्याने तेवढीच भर घातली. इथे काम सिद्ध करायचे नव्हते, दुबळेपणाही सिद्ध करायचा नव्हता. सातबारा सिद्ध करायचा होता. त्यामुळे ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही तो, म्हणजे खेड्यातला सर्वांत गरीब माणूस, बाहेरच राहिला. मग २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वर्षांच्या, वार्षिक अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १,५००. दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत पैसे गेले. भूमिहीन मजूरबाईच्या स्वतःच्या नावावर, काही न गहाण टाकता, महिन्याला रक्कम येऊ लागली.

वेचणीला मजूर मिळत नाही, हे गाऱ्हाणे आता परत विचारात घेऊ. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. कापसाचा भाव त्याच्या हातात नाही आणि वेचणीचा दर वाढतो आहे. दोन्ही बाजूंनी तो चेपला जातो. परंतु त्याच्या कापसाला भाव मिळत नाही याची भरपाई मजूरबाईच्या भुकेतून करून घ्यावी, हे न्यायाचे नाही, आणि तसे करून त्याचे प्रश्न आजवर सुटलेही नाहीत. दीड हजाराने कोणी घरी बसत नाही; महिन्याला दीड हजार म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्याने एवढेच होते की, अंगात ताप असताना वेचणीला जावे लागत नाही, आणि कमी दर सांगितला तर ‘परवडत नाही’ असे म्हणून एक दिवस थांबता येते. १८७७ साली लाखभर माणसांनी उपाशीपोटी जे केले, ते आज एक बाई पोटात घास असताना करू शकते.

मग सगळे चांगलेच आहे काय? तसे मुळीच नाही. रोजगार हमी हा कायदा होता. विधिमंडळात त्याची चर्चा झाली, त्याला स्वतःचा कर होता, त्याच्या आधारे मजुराला भांडता येत होते. लाडकी बहीण ही योजना शासन निर्णयाने आली. जे शासन निर्णयाने येते ते शासन निर्णयाने कमी होऊ शकते. २०२५ साली छाननी सुरू झाली, ई-केवायसीची अट आली, आणि पती किंवा वडील यांच्याही आधारची पडताळणी मागितली गेली. ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत, त्या बायांची कुचंबणा झाली. जी बाई सर्वांत जास्त अडलेली, तीच पुन्हा खिडकीपाशी अडली. अपात्रांना वगळावे याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण वगळण्यापूर्वी नोटीस, ऐकून घेणे आणि लेखी कारण हे मिळालेच पाहिजे.

बहीण हा शब्द गोड आहे. भाऊबीजेला भाऊ ताटात काय टाकतो हे बहीण मोजत नाही, आणि नाही टाकले तर ती कोर्टात जात नाही. म्हणूनच सरकार आणि नागरिक यांच्या नात्याला हा शब्द पुरत नाही. ओवाळणीची तारीख देणारा ठरवतो. हक्काची तारीख कायद्यात लिहिलेली असते. आपल्या मोंढ्यातील हमालाला हे चटकन कळते. १९६९ च्या माथाडी कायद्यापूर्वी मजुरी किती आणि केव्हा हे व्यापाऱ्याच्या मर्जीवर असे. कायद्याने मंडळे झाली तिथे मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची आणि कामगाराने ती मंडळातून घ्यायची, अशी व्यवस्था झाली. पैसे त्याच व्यापाऱ्याचे, पण घेणाऱ्याची मान ताठ.

म्हणून या पैशाबद्दल मागायचे असेल तर पुढील गोष्टी मागाव्यात, असे मला सुचवायचे आहे. रक्कम ठरल्या तारखेला मिळावी, कारण आषाढातले पैसे अश्विनात आले तर मधले व्याज सावकाराने खाल्लेले असते. ती कायद्याने मिळावी. तिला महागाईचा निर्देशांक जोडावा. संघटित कामगाराला महागाई भत्ता मिळतो, तर निराधार म्हातारीची डाळ काही वेगळ्या भावाने येत नाही. निराधारांची उत्पन्नमर्यादा माणसाला जगता येईल अशी करावी. आणि हा पैसा दवाखाना, शाळा व काम यांच्या ऐवजी देऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल तर दीड हजार रुपये खासगी दवाखान्याच्या एका चिठ्ठीत संपतात. रोख मदत अडीनडीला आधार देते. विहीर खणत नाही, शिक्षक नेमत नाही.

खर्च फार होतो, ही शंकाही रास्त आहे. दरसाल हजारो कोटी रुपये लागतात, आणि ते कोठून आणायचे हे उघडपणे सांगितलेच पाहिजे. १९७५ साली ते सांगितले गेले होते. शहरातल्या पगारदाराने कुरकुर केली असेल, पण व्यवसाय कर भरला, आणि खेड्यातल्या मजुराला कायद्याचा हक्क मिळाला. तसा उघड सौदा आजही होऊ शकतो. ज्या मदतीचा कर ठरलेला असतो ती मदत निवडणुकीनंतर आटत नाही. आपण नगरवासी श्रोते, आपल्यापैकी कित्येकांच्या पगारपत्रकावर ती २०० रुपयांची ओळ पुढच्या महिन्यातही असेल. ती वाचताना तिचा हा इतिहास आठवावा, एवढी विनंती आहे.